कापगते मॅडमची जागा

कापगते मॅडमनी कोणाचं कौतुक केलेलं मला आठवत नाही. त्यांना हेवा वाटायचा, आणि तो त्या समोरच्याच्या तोंडावर सांगायच्या. दहावीच्या सहामाहीत इतिहासाच्या पेपरात मी सातवाहनांवर एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं. पेपर वाटताना मॅडम माझ्या पानाशी थांबल्या, त्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "हे वाक्य मला सुचायला पाहिजे होतं. इतकी वर्षं शिकवते आहे, मला नाही सुचलं." मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. पेपर माझ्या बाकावर जरा आपटूनच ठेवला आणि त्या दिवशी माझ्याशी परत बोलल्या नाहीत. शाळेत मला बक्षिसं मिळाली, टाळ्या मिळाल्या, त्यातलं फारसं आठवत नाही. तो आपटलेला पेपर आठवतो.

बुटक्या, काटक, पदर कायम कमरेला खोचलेला, चालणं असं की सोबतच्या माणसाला धावावं लागे. शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलायच्या आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की एकोडीची बोली सुरू व्हायची. एकोडी त्यांचं माहेर. लग्न होऊन पवनीला आल्या त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, पण बोलीत त्यांनी पवनीचं काही येऊ दिलं नाही.

त्यांच्या हेव्याला लहानमोठं कळत नसे. गणिताच्या सरांचं फळ्यावरचं अक्षर, वैनगंगेत डोंगा घालणाऱ्या माणसाचे खांदे, माझ्या आईला दुपारी उघड्या फरशीवर पडल्या पडल्या लागणारी झोप, सगळ्यांवर त्या जळायच्या. एकदा एका लग्नात त्यांनी नवरीच्या आईला सांगितलं की तुमच्या जावयाचे दात पाहून मला जलन होऊन राहिली. बाजूलाच त्यांचे यजमान खर्रा चघळत उभे होते. ते पंचायत समितीत कारकून. मॅडम त्यांना 'आमचे साहेब' म्हणत. साहेब नुसते हसले. "आमच्या साहेबाले कोणाचाच हेवा वाटत नाही," मॅडम म्हणाल्या, "म्हून मले त्यायचाबी हेवा वाटते."

मी एकदा विचारलं होतं, असं सगळं बोलून का दाखवता? लोक नावं ठेवतात. त्यावर त्या म्हणाल्या, "पोटात ठेवलं का ते आंबते. मंग माणूस गोड बोलाले लागते. मले गोड बोलणाऱ्याचं लय भेव वाटते."

एक गोष्ट मात्र त्या फार सांगत नसत. बी.ए.ला त्या कॉलेजात पहिल्या आल्या होत्या आणि त्यांना पुरातत्त्व शिकायला बाहेर जायचं होतं. प्रवेशही मिळत होता. त्याच सुमारास शाळेची नोकरी आली आणि त्यांनी ती घेतली. गावात लोक म्हणायचे की बापानं जाऊ दिलं नाही. ते कानावर आलं की मॅडम चिडायच्या. "माह्या बाबाले दोष देऊ नका. त्यानं बॅग आणून ठेवली होती. मीच भेली."

माझं बी.ए. झालं तेव्हा मलाही तेच शिकायचं होतं. कारण मॅडमच. त्यांनी वर्गात एखाद्या खापराच्या तुकड्याबद्दल बोलावं आणि आपण घरी जाऊन परसातली माती उकरावी, असे आमचे दिवस गेले होते. आता एम.ए.ला जायचं तर आधी देशभराची प्रवेशपरीक्षा द्यायची, तिचे गुण घेऊन विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करायचा, आणि मग विद्यापीठ आपली स्वतःची चाळणी लावणार. मला ज्या विभागात जायचं होतं तिथं जागा अगदी थोड्या. मी मॅडमकडे गेले. त्यांनी संध्याकाळी ओसरीवर बसवून शिकवायला सुरुवात केली.

परीक्षेचा अर्ज भरायला त्या माझ्यासोबत बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरमध्ये आल्या. माझा फोटो चढेना, फाईल मोठी आहे म्हणून सारखा परत येई. सेंटरवाल्यानं तो लहान करून बसवला, अर्ज गेला, मी उठले. मॅडम माझ्या खुर्चीवर बसल्या आणि सेंटरवाल्याला म्हणाल्या, "वयाची अट आहे का, पाय बरं." त्यानं वरखाली करून पाहिलं. नव्हती. "मंग माहा भर."

मला ती गंमत वाटली. मी हसलेही. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, त्या बाईले आता कायले पायजे? मी म्हटलं, हौस असेल.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर गेले तेव्हा मॅडमची वही मिटलेली होती. मी एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "आता तू माही विद्यार्थिनी नाही. आपण दोघी उमेदवार हावो. येत जा, सोबत बसू, पण ज्याचं त्यानं पाहावं." मला वाटलं, चेष्टा करतात. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यानंतर परीक्षेपर्यंत आम्ही एकाच ओसरीच्या दोन टोकांना बसलो. मी वर पाहिलं की त्या पानावर हात ठेवायच्या.

माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचू लागलं. त्यांनी ही पुस्तकं किती वर्षांपूर्वी वाचली होती. त्यांचं घर शांत होतं, मुलगा नागपूरला शिकायला. साहेब न सांगता चहा करून आणत. माझ्याकडे पाहुणे, जनावरं, आईची कामं, धाकट्या भावाची भांडणं. चहाचा कप माझ्याजवळ ठेवून साहेब त्यांच्याजवळ ठेवायला जात आणि त्या न बघताच हात पुढे करत. त्या न बघता पुढे केलेल्या हाताचा मला भयंकर राग यायचा. त्यांना माझा कशाचा राग येतो ते त्या सांगायच्याच. "तू एकदा वाचते अन् तुह्या ध्यानात राहते. मी चारदा वाचतो, मंगबी साहेबाले विचारा लागते का मी आता काय वाचून राहिली होती."

परीक्षा नागपूरला होती. एकाच बसनं गेलो, एकाच बसनं आलो, पेपराबद्दल एक शब्द नाही.

निकाल लागला तेव्हा माझे गुण मॅडमपेक्षा बरेच जास्त होते. दोघींचेही विद्यापीठाकडे अर्ज करण्याइतके होते. मी धावत त्यांच्या घरी गेले. त्यांनी माझ्या मोबाइलवर माझे गुण पाहिले, आपल्या मोबाइलवर आपले पाहिले, आणि उठून आत गेल्या. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग दारात येऊन म्हणाल्या, "मले रडू येऊन राहिलं. तुह्यामुळं. आज जाय घरी, उद्या ये." मी रस्त्याला लागले आणि मला इतका आनंद झाला की घरी जायच्या ऐवजी मी नदीच्या घाटापर्यंत चालत गेले. गुणांचा आनंद होताच. त्याहून मोठा आनंद त्या दाराआड रडत असतील याचा होता.

विद्यापीठाचा अर्ज वेगळा, त्याची मुदत थोडी. पुन्हा नोंदणी, पुन्हा फोटो, पुन्हा सगळी प्रमाणपत्रं, जातीचा दाखला, आणि आपल्याला हा विषय का शिकायचा यावर दोन पानं. तेही पसंत पडलं तर प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावणार. माझी कागदपत्रं नवी, एका फाईलमध्ये. मॅडमची पदवी माहेरच्या नावावर होती, सुलभा गहाणे, आणि बाकी सगळं सुलभा कापगते. दोन्ही बाया एकच, हे सांगणारा कागद हवा. त्यासाठी त्या भंडाऱ्याच्या खेपा घालू लागल्या. एकदा वकील नाही, एकदा शिक्का मारणारा अधिकारी बैठकीत, एकदा कागदावर गहाणेचं गहाने झालं म्हणून परत. साहेब म्हणाले, राहू दे ना आता, तेवढ्यासाठी किती हिंडशील. त्या हिंडल्या.

शेवटच्या खेपेला मला सोबत घेऊन गेल्या. तिथल्या बाकावर आम्ही बसलो होतो, आत कोणी हाक मारत नव्हतं आणि मी घड्याळाकडे पाहत होते. मॅडम समोर बघत म्हणाल्या, "माहा कागद नाही झाला त बरं, असं वाटून राहिलं न तुले?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"वाटू दे. मलेबी वाटते का तू अर्ज पाठवशीन तेव्हा तुह्या गल्लीतली लाईन गेली पायजे. पण मी तुह्या घरचा फ्यूज काढाले येत नाही. अन् तू इथं माह्यासोबत येऊन बसली. बस, एवढंच लागते."

कागद झाला. त्याच संध्याकाळी त्याच सेंटरमध्ये दोघींचे अर्ज गेले. दोन पानं काय लिहिली ते आम्ही एकमेकींना दाखवलं नाही.

मुलाखतीला दोघींना बोलावणं आलं. विद्यापीठ राज्याच्या दुसऱ्या टोकाला. रेल्वेत मॅडमनी मला खिडकी दिली नाही, आणि डब्यातले सांजोऱ्यांचे चांगले चांगले तुकडे मात्र मला दिले.

विभागाच्या दारात शिपाई उभा होता. त्यानं माझं पत्र पाहिलं आणि मॅडमना म्हणाला, पालकांनी बाहेर झाडाखाली बसायचं. मॅडमनी आपलं पत्र काढलं. त्यानं ते वाचलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाला. आत वीसबावीस वर्षांची पोरं बसली होती. काहींनी उभं राहून नमस्कार केला, परीक्षक समजून. मला लाज वाटली. जरा लांबच्या खुर्चीवर बसावं म्हणून मी कोपरा गाठला. थोड्या वेळानं बघते तर ती सगळी पोरं मॅडमभोवती गोळा झालेली. कुणी त्यांना पाणी देतंय, कुणी विचारतंय की तुम्ही कुठून आलात, कसा अभ्यास केलात. मॅडम पदर खोचून एका मुलाला सांगत होत्या की त्याच्या नव्या बुटांचा त्यांना हेवा वाटतो. सगळे हसत होते. माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मघाची लाज कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी दुसरंच काही आलं. ही बाई माझ्या गावची आहे, माझी आहे, आणि हिच्यापुढे मी इथं कोणीच नाही, असं ते काहीतरी होतं.

माझी मुलाखत चांगली झाली. विचारलं तेवढं सांगितलं, कुठं अडले नाही. तिघा परीक्षकांनी मान हलवून जायला सांगितलं. मॅडम माझ्यानंतर आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मध्ये आत मोठा हशा झाला. माझ्या वेळी कोणी हसलं नव्हतं. मी दाराकडे बघत बसले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, काय विचारलं तुम्हाला?

मॅडमनी सांगितलं. एका परीक्षकानं त्यांना म्हटलं होतं की तुमचं वय पाहता एका तरुण मुलाची जागा तुम्ही अडवताय असं नाही वाटत? "मी म्हटलं, बाहेर माही विद्यार्थिनी बसली आहे. माह्यापेक्षा हुशार आहे, मार्कबी जास्त आहेत. जागा दोघीलेबी पायजे. जिले द्याची तिले द्या, पण मले वयाचं कारण सांगू नका. मंग ते हसले."

"माझ्याबद्दल सांगितलं तुम्ही?"

"खरं होतं, सांगतलं. सांगताना जीव जळला माहा."

भाताची रोवणी सुरू व्हायच्या बेतात असताना यादी लागली. निवड झालेल्यांत सुलभा कापगते हे नाव होतं. माझं नाव प्रतीक्षायादीत होतं, पहिलं. म्हणजे निवडलेल्यांपैकी एकानं जरी जागा सोडली तरी मला प्रवेश.

मला रडू आलं नाही. मी यादी बंद करून परत उघडत होते, जणू मधल्या वेळात त्यांचं नाव खाली सरकेल. आमच्या घरात आणि मग गल्लीत एकच बोलणं सुरू झालं. मॅडमला नोकरी आहे, मुलगा कमावता होईल, मॅडम सोडतील. मोठ्या मनाच्या आहेत. त्यांच्या शाळेतले लोकही तेच म्हणाले. मीही तेच धरून चालले होते. मी कुठल्या बॅगेत कपडे भरायचे ते ठरवलं होतं.

बाबा चिखलाचे पाय धुऊन, धुतला सदरा घालून मॅडमकडे गेले. बाबा कोणाकडे काही मागायला गेलेले मी तेव्हाच पाहिले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की साहेबांनी बसवलं, चहा दिला, आणि मॅडमना म्हणालेही, सोडून दे, पोरीचं भलं होईल. मॅडम एवढंच म्हणाल्या, जे सांगायचं ते तुमच्या वर्षाला सांगेन.

सकाळी त्या आल्या. आई अंगणात धान पाखडत होती. मी दारात उभी होते. मॅडम ओट्यावर बसल्या नाहीत.

"वर्षा, मी जागा सोडत नाही."

आईच्या हातातलं सूप थांबलं. मी म्हटलं, "तुम्हाले कायले पायजे ती जागा, मॅडम? तुम्ही शिकून काय करणार?"

"तू शिकून काय करणार होती?"

"माह्यापुढं अख्खं आयुष्य आहे."

"माह्यापुढंबी आहे. थोडं आहे, म्हून मले जास्त पायजे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सारे सांगून राहिले का मॅडम मोठ्या मनाच्या. मी नाही तशी. जागा सोडली असती त तुम्ही सारे माह्या पाया पडले असते, शाळेनं शाल दिली असती. अन् मी तुले जन्मभर माफ केलं नसतं. त्यापेक्षा तू मले माफ नको करू. तुले ते जमते, तू जवान आहे."

मी आत निघून गेले. मागून मला आईचा आवाज ऐकू आला, चहा घेऊन जा, मॅडम. त्या थांबल्या नाहीत.

मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या गेल्या त्या दिवशी स्टेशनवर साहेब एकटे होते, असं ऐकलं. मी गेले नाही. बाकी कोणी जागा सोडली नाही. पुढल्या वर्षी मी परत परीक्षा दिली, परत अर्ज केला, पण या वेळी मुलाखतीलासुद्धा बोलावणं आलं नाही. मग मी नागपूर विद्यापीठातून बाहेरून इतिहासात एम.ए. केलं. शाळेला इतिहासाला कोणी हवं होतं. तासिका तत्त्वावर मला घेतलं. ऑफिसात कोणी विचारलं की हेडसर सांगतात, कापगते मॅडमच्या जागेवर आहेत. त्यांची जागा मला मिळाली. मला हवी होती ती ही नव्हती.

साहेब बाजारात भेटत. पोट उतरलं होतं, स्वयंपाक शिकले होते, पिशवीतली मेथी मला दाखवून विचारत की ही कोवळी आहे ना. मग खिशातून मोबाइल काढत. मॅडम कुठल्याशा डोंगरावर, मॅडम पोरांच्या घोळक्यात जमिनीवर बसून जेवताना, मॅडम नव्या बुटांत. मी फोटो बोटांनी मोठा करून बघायचे. त्यांच्या मागे काय आहे, बाजूला कोण आहे, हातात काय आहे. साहेबांना वाटे मी मॅडमना पाहते. "तिले पाठवून देऊ का तुहा नंबर?" ते विचारत. मी म्हणे, असू द्या.

यंदा हिवाळ्यात, धान निघून बांध्या मोकळ्या पडल्यावर, साहेबांनी सांगितलं की विद्यापीठाची तुकडी पवनीत आली आहे, नदीकडच्या टेकाडावर खोदकाम आहे, आणि एम.ए. झाल्यावर तिथंच संशोधनाला थांबलेल्या मॅडम त्यांच्यात आहेत. "घरी राहत नाही. तंबूतच राहते पोरायसोबत. मी डबा नेला त म्हणे, इथं साऱ्यायसाठी जेवण असते, सर रागावतील." हे सांगताना ते हसत होते, पण पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

मी शाळा सुटल्यावर एकटीच गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. टेकाडावर दोऱ्या बांधून चौकोन आखले होते. एका चौकोनात, गुडघाभर खाली, मॅडम उकिडव्या बसल्या होत्या. अंगात साहेबांचा जुना सदरा, डोक्यावर टोपी, हात कोपरापर्यंत काळे पडलेले. खड्ड्याच्या कडेला एक तरुण सर उभा होता, माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठा असेल. तो त्यांना सांगत होता की या बाजूला तुम्ही जास्त खाली गेलात, थर तुटला, घाई का करता. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. ज्यांच्या पुढे आमची अख्खी शाळा मान खाली घालायची, त्या 'हो सर' म्हणाल्या. तो पुढच्या चौकोनाकडे गेला. मॅडमनी जीभ दातांत धरून ब्रश उचलला आणि एवढ्याशा कशावरून तरी माती बाजूला करू लागल्या. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. मला हेवा वाटला. इतकी वर्षं गेली, तरी तसाच.

मी कडेला आणखी एक पाऊल पुढे झाले. ऊन माझ्या पाठीशी होतं.

"सावली पडून राहिली," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "जरा बाजूले व्हा."

मी बाजूला झाले. खड्ड्यात परत ऊन पडलं आणि त्यांचा ब्रश पुढे चालू लागला.